न उघडता दिलेला चार्ज

बुधवार, १

ही वही मी हौसेने लिहीत नाही. गेल्या शुक्रवारी मी ऑपरेशन थिएटरच्या दारात, सर्जनच्या डोळ्यांदेखत, वाफेतून निघालेलं बंद गाठोडं सोडलं आणि आतले चिमटे-कात्र्या मोजल्या. चिठ्ठीवर चोवीस लिहिले होते, चोवीसच भरले. सर्जनने थयथयाट केला, ऑपरेशन दीड तास पुढे गेलं आणि अधीक्षकांनी मला दोन पर्याय दिले. उरलेला महिना घरी बसा, नाहीतर रुग्णालयाच्या समुपदेशक बाईंकडे जा आणि त्या सांगतील ते करा. मी या महिनाअखेरीला निवृत्त होते आहे. एकतीस वर्षांत घरी बसले नाही, ते आता शेवटच्या महिन्यात बसू? म्हणून वही.

मी निर्जंतुकीकरण विभागाची प्रमुख आहे. थिएटरमधून आलेली रक्ताळलेली सामग्री आमच्याकडे धुतली जाते, पुसली जाते, भिंगाखाली तपासली जाते, मोजून ट्रेमध्ये लावली जाते आणि दुहेरी कापडात बांधून वाफेच्या यंत्रात जाते. गाठोड्यावर चिठ्ठी असते: आत काय, किती, कधी, आणि बांधणाऱ्याची सही. एकदा बाहेर आलं की ते फक्त ऑपरेशनच्या टेबलावर उघडायचं. मध्येच कुणी सोडलं तर ते बाद. पुन्हा धुवा, पुन्हा मोजा, पुन्हा वाफ. हा नियम मीच नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवते. मला माहीत आहे. कुणी सांगायला नको.

समुपदेशक बाई म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. मी काहीही बोलले की "हंऽ" करते. मी मनात तिचं नाव हुंकारबाई ठेवलं आहे.

"रोज तुमचा ताण शून्य ते दहामध्ये लिहा," ती म्हणाली. "आणि तो कमी करायला त्या दिवशी काय केलंत तेही."

"ताण नसेल तर?"

"हंऽ."

"तुम्ही हे वाचणार?"

"नाही, नाही. ते तुमचं खासगी. पानं भरली आहेत का तेवढंच बघेन."

पेपर न वाचता पास करणारी परीक्षक पहिल्यांदाच पाहिली. तेव्हा मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

ताण: शून्य.
काय केलं: घरातले सगळे पडदे उतरवून धुतले. ते मागच्या रविवारी धुतले होते, पण नीट धुतले होते का याची खात्री नव्हती.

गुरुवार, २

हुंकारबाईंचा गृहपाठ: घरातले बाकीचे लोक ताणाचं काय करतात ते बघा. बघायला कशाला हवं? चार पिढ्या एका छताखाली आहेत, नको म्हटलं तरी दिसतं. वयाच्या उतरत्या क्रमाने लिहिते.

सासूबाई, वय शहाऐंशी. घरात आवाज चढला की कानातलं मशीन काढतात, रुमालात गुंडाळतात आणि प्रसन्न चेहऱ्याने बसून राहतात. आज मी म्हटलं, "अहो आई, महत्त्वाचं चाललंय, लावा ते." तर खुणेनेच नाही म्हणाल्या. नंतर मशीन लावून सांगितलं, "सूनबाई, शहाऐंशी वर्षं ऐकलं. आता न ऐकण्याचा मला हक्क आहे."

नवरा, वय त्रेसष्ट. निवृत्त झाल्यावर व्यायामाची सायकल विकत घेतली. तिच्यावर बसून वर्तमानपत्र वाचतो. पायडल फिरताना मी अजून पाहिलेलं नाही. कशाचाही विषय निघाला की "मी जरा सायकल करतो" म्हणून उठतो.

लेक, वय पस्तीस. नवऱ्याशी पटेना म्हणून आठ महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन आमच्याकडे आली. तिच्या फोनमध्ये एक बाई आहे, ती म्हणते, श्वास आत घ्या, श्वास सोडा. पदवीपर्यंत शिकवलेल्या मुलीला श्वास घ्यायला फोन लागतो! शिवाय संध्याकाळी कामावरून आली की न्हाणीघरात जाते आणि नळ सोडते. आज घड्याळ लावलं. आमची बादली चार मिनिटांत भरते. ती पंचवीस मिनिटं आत होती, म्हणजे सहा बादल्या. बाहेर आली तेव्हा केस कोरडे, पाय कोरडे. एवढं पाणी करते काय, देव जाणे.

नात, वय नऊ. या घरात शिस्तीची अशी एकटीच. रात्रीचं जेवण झालं की वेळापत्रक समोर ठेवून दप्तर भरते, मग सगळं बाहेर काढून पुन्हा भरते. कुणाला सांगावं लागत नाही. तिला ताण नाही.

मलाही नाही. शून्य.
काय केलं: सासूबाईंच्या आठवड्याच्या गोळ्या डबीतून काढून पुन्हा मोजून भरल्या.

सोमवार, ६

माझ्या हाताखालची मुख्य कर्मचारी माझ्यानंतर खुर्चीवर बसणार आहे. वय त्रेचाळीस. हुशार आहे, हात स्वच्छ चालतो, पण दर पाच मिनिटांनी असा सुस्कारा टाकते की वाफेच्या यंत्राची झडप उघडली असं वाटावं. वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांचं सगळं हीच करते. मी तिला सुस्कारा म्हणते, अर्थात मनात.

सध्या ती माझ्याआधी अर्धा तास येते. चौदा वर्षांत कधी पाच मिनिटं लवकर आली नाही आणि आता मी पोचते तेव्हा हिचे हातमोजे ओले. मी विचारलं, "काय गं, घड्याळ बिघडलंय का?"

"नाही मॅडम. बस लवकर मिळाली."

रोज?

मग मी कपाट मोजलं. नोंदवहीत बासष्ट गाठोडी, कपाटात सहासष्ट. आमच्याकडे एखादी वस्तू कमी सापडणं वाईट, पण जास्त सापडणं त्याहून वाईट, कारण मग नोंदच खोटी ठरते. चारही जादा गाठोड्यांवर तिची सही. ही मागच्या दाराने आपला संसार मांडते आहे, मी जायच्या आधीच. त्यांतली दोन सोडून बघितली. चिठ्ठीप्रमाणे भरली. ती समोर उभी होती. सुस्कारासुद्धा टाकला नाही. दोन्ही उचलली आणि पुन्हा धुवायला घेऊन गेली.

ताण: शून्य. 
काय केलं: वर लिहिलंच आहे.

गुरुवार, ९

अधीक्षकांना अर्ज दिला. एकतीस तारखेला मला विभागाचा चार्ज द्यायचा आहे. चार्जच्या छापील यादीत शेवटचा रकाना "मोजून दिले" असा आहे आणि त्यापुढे माझी सही. बंद गाठोडी मोजून कशी देणार? म्हणून विनंती केली की, शेवटचे दोन दिवस सर्व ऑपरेशनं थांबवावीत, म्हणजे मी सगळी गाठोडी उघडून, मोजून, पुन्हा बांधून देईन.

अधीक्षकांनी अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, लोकांचे अपेंडिक्स तुमच्या चार्जसाठी थांबतील का?"

"तातडीची तेवढी करा."

"तुमच्या आधीच्या प्रमुखांनी चार्ज दिला तेव्हा तुम्ही उघडून घेतली होती गाठोडी?"

नव्हती. पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा तो मागच्या हिवाळ्यातला प्रकार झालेला नव्हता. त्याबद्दल इथे लिहिण्याचं कारण नाही.

शेवटी ते म्हणाले, "ऑपरेशनं थांबणार नाहीत. सही करायची की नाही तुम्ही ठरवा. पण सही नसेल तर चार्ज दिला असं मला धरता येणार नाही. निवृत्तीच्या दिवशी तुमच्यावर तसा शेरा मारावा लागेल, तो मला मारायला लावू नका."

म्हणजे खोटं लिहून सन्मानाने जा, नाहीतर खरं लिहून शेरा घेऊन जा. 

ताण: शून्य. संताप वेगळा. संतापाला रकाना नाही.

शुक्रवार, १०

घरी आले तर स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. नवऱ्याच्या अक्षरात: साखर, पाऊण डबा. तांदूळ, काठोकाठ. मीठ, निम्मं.

"हे काय?"

"काही नाही. पुढच्या महिन्यापासून तू घरी असणार. म्हटलं, तुला उघडून बघायला नको."

"मी डबे उघडून बघते?"

तो सायकल करायला गेला.

मी सगळे उघडले. मीठ निम्मं नव्हतं. पाव होतं. मग? बघितलं नसतं तर कळलं असतं?

सोमवार, १३

नातीची शाळेची बस चुकली. दारात बूट घालून उभी असताना तिने दप्तर परत जमिनीवर पालथं केलं. लेक ओरडली, "अगं, काल रात्री चारदा बघितलंस ना!" पोरगी ऐकेना, एकेक वही बोटाने मोजत होती आणि तिचे ओठ हलत होते. खाली बसने दोनदा हॉर्न दिला आणि गेली. सासूबाईंनी मशीन काढलं. नवरा सायकलवर. लेकीने तिला दुचाकीवरून सोडलं आणि स्वतः कामावर उशिरा पोचली.

मी लेकीला म्हटलं, "एक दिवस बस चुकली म्हणून आकाश कोसळत नाही. मुलीला जबाबदारी कळते, हे बघ."

लेक माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे सुजल्यासारखे दिसतात. फोनकडे फार बघते.

ताण: शून्य.

बुधवार, १५

हुंकारबाईंनी पानं चाळली. न वाचता. निदान असं म्हणाली. मी तिची बोटं पाहिली. नखं मांसापर्यंत कुरतडलेली. उजव्या अंगठ्याला रक्त सुकलं होतं. दिवसभर दुसऱ्यांचा ताण ऐकते आणि तो स्वतःच्या नखांतून काढते. मी सांगितलं, उघडी जखम ठेवू नये, रुग्णालयात जंतू असतात. ती लाजली आणि हात टेबलाखाली घेतले.

"गाठोडं उघडायच्या आधी काय वाटतं?" तिने विचारलं.

"आत कमी असेल असं वाटतं."

"आणि मोजल्यावर?"

"बरोबर आहे असं वाटतं."

"किती वेळ?"

हा प्रश्न मूर्खपणाचा होता. खरं तर उत्तर माहीत होतं. जेमतेम कपाटापर्यंत जाऊन येईपर्यंत.

शुक्रवार, १७

वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली. गणिताच्या चाचणीत दहापैकी चारच गणितं सोडवली. उरलेला सगळा वेळ तीच चार तपासत बसली. चारही बरोबर. सहा कोरी.

लेक चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आई, बघ."

"बरोबर आहेत की चार."

"आई, ती तुझ्यासारखं करायला लागलीय."

"मग वाईट काय आहे? माझ्यासारखं केलं तर चारपैकी चार तरी येतील. तुझ्यासारखं केलं तर..." इथे मी थांबले. थांबायला जरा उशीर झाला.

सासूबाईंनी मशीन काढायला हात नेला, पण काढलं नाही. म्हणाल्या, "सूनबाई, तू माझ्या गोळ्या मोजतेस ना, तशा मी तुझ्या येरझाऱ्या मोजते. आज दारापासून कपाटापर्यंत एकोणीस झाल्या." आणि मग मशीन काढलं, म्हणजे मला उलट बोलायची सोय नाही.

लेक न्हाणीघरात गेली. नळ बत्तीस मिनिटं.

ताण: शून्य. जेवण गेलं नाही, पण ते दुपारी जास्त झालं असेल.

सोमवार, २०

हे जसं झालं तसं लिहिते.

नात रोज दप्तर भरून टीव्हीसमोर बसली की मी तिच्या खोलीत जाते आणि दप्तर उघडून एकदा नजर टाकते. दोन मिनिटांचं काम. लेकीला माहीत नाही. मला वाटत होतं की पोरीलाही माहीत नाही. आज मी तिच्या वह्या मांडीवर घेऊन बसले होते आणि ती दारात उभी.

"आजी, सापडलं काही?"

"काय सापडायचं?"

"मी विसरलेलं. तू रोज शोधतेस ना?"

"तुला कसं कळलं?"

"चेन नेहमी पूर्ण लागलेली असते. मी पूर्ण लावत नाही, अडकते म्हणून." ती माझ्या शेजारी येऊन बसली. "आत्तापर्यंत किती सापडलं?"

"काही नाही."

"एकदापण नाही?"

"एकदापण नाही."

"मग का बघतेस?"

मी म्हटलं, एखाद वेळी राहून जातं.

"तेच," ती म्हणाली. "म्हणून मी आधी बघते. तुला सापडायच्या आत मला सापडायला पाहिजे."

मी वह्या परत भरल्या. एक उलटी गेली. तिने काढून सरळ केली.

बुधवार, २२

हुंकारबाईंना सांगितलं. नातीचं नाही, हिवाळ्यातलं. आता तोंडाने बोलून झालंच आहे, तर लिहायला काय हरकत आहे.

पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. गाठोडं मी बांधलेलं, चिठ्ठीवर चोवीस, खाली माझी सही. सुरुवातीची मोजणी थिएटरने घाईत केली. शेवटी टाके घालायच्या आधी मोजले तर तेवीस. पुन्हा मोजले, तेवीस. एक चिमटा कमी, म्हणजे तो पोटात राहिला असं धरावं लागतं. बाई टेबलावर, पोट उघडं, सगळे थांबलेले. एक्स-रेचं यंत्र आणलं. चाळीस मिनिटं गेली. पोटात काही नव्हतं.

चिमटा माझ्या टेबलावर होता, पुसायच्या फडक्याखाली. मी बावीस, तेवीस, चोवीस असं म्हणत लावले होते आणि चोविसावा लावलाच नव्हता.

बाई बरी होऊन घरी गेली. कुणी मला काही बोललं नाही. सर्जन, जो टॉवेल दुमडलेला नसला तरी घर डोक्यावर घेतो, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होतं असं." एकतीस वर्षांत मी कुणालाही "होतं असं" म्हटलेलं नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी आले असते आणि निवांत झोपले असते.

हुंकारबाईंनी हुंकार भरला नाही. पाणी दिलं. मला तहान नव्हती, पण प्यायले.

"आज किती?" तिने जाताना विचारलं.

"शून्य," मी म्हटलं. ती हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

शुक्रवार, २४

आज सुस्काराला खोलीत बोलावलं, दार लावलं. "त्या चार जादा गाठोड्यांचा हिशेब दे. कुणासाठी बांधतेस?"

तिने बोटांनी ॲप्रनची कड दुमडली, उलगडली. "रागावू नका मॅडम."

"रागावणं मी ठरवीन. बोल."

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही उघडता ना... मग ऑपरेशन अडतं. म्हणून बदलीच्या ट्रेमधले चिमटे घेऊन जास्तीचे सेट बांधून ठेवते. तुम्ही एखादं सोडलं की त्याच्या जागी दुसरं पाठवते. हिवाळ्यापासून असंच चाललंय. त्या शुक्रवारी बाबांना ताप होता म्हणून उशीर झाला. जादा सेट नव्हता. नाहीतर तेही कुणाला कळलं नसतं."

"हिवाळ्यापासून मी किती सोडली?"

"मोजली नाहीत."

"खोटं."

"एकेचाळीस," ती म्हणाली.

"त्यांत किती कमी निघाली?"

तिने ॲप्रनची कड पुन्हा दुमडली. सुस्काराही टाकला नाही. मी खिडकीकडे तोंड केलं. खाली कपडेधुलाईची गाडी उभी होती, तिच्यावरची बोचकी मोजली. अकरा.

ही बाई घरी आजारी बाप सांभाळते, आणि पहाटे उठून इथे येऊन मला सांभाळत होती. आणि मी तिला वर्षभर सांगत आले की, सुस्कारे कमी टाक, वाफ आमच्याकडे पुरेशी आहे.

"नोंद न करता सेट बांधणं नियमात बसत नाही," मी म्हटलं.

"हो मॅडम."

"आजच नोंद कर. चारही."

"हो मॅडम."

"आणि वडिलांचा ताप उतरला का?"

तेव्हा तिने सुस्कारा टाकला. चांगला लांब होता.

ताण: रकाना मोकळा ठेवते. उद्या बघू.

सोमवार, २७

लेक आली, न्हाणीघरात गेली, नळ सुरू. मी घड्याळ लावलं आणि दाराशी उभी राहिले. नळाच्या आवाजाला कान सरावला की त्याच्या खालचा दुसरा आवाज ऐकू येतो. एवढे महिने मी बादल्या मोजत होते.

दार वाजवलं. "अगं, नळ बंद कर."

"आई, दोन मिनिटं."

"नळ बंद करून रड. पाणी फुकट जातं."

मग नळ बंद झाला.

"मोठ्याने रडलीस तरी चालेल," मी म्हटलं. "आजीने मशीन काढलंय आणि तुझे बाबा सायकलवर आहेत."

आतून जो आवाज आला तो रडण्याचा होता की हसण्याचा, मला सांगता यायचं नाही. दोन्हीचं मिश्रण असावं. मी बाहेर पाटावर बसून राहिले. अर्ध्या तासाने ती बाहेर आली आणि म्हणाली, "तू अजून इथेच?" मी म्हटलं, गुडघा धरला होता.

नवरा सायकलवरून उतरून दाराआडून बघत होता. मी त्याला म्हटलं, "पाय मार जरा, गंज चढेल." तर म्हणाला, "तुझ्यावर की सायकलवर?" तीस-पस्तीस वर्षांनी विनोद केला, तोही बेताचा. तरी नोंद करते.

बुधवार, २९

हुंकारबाईंची शेवटची भेट. मी सांगितलं की, परवा चार्ज द्यायचा आहे आणि "मोजून दिले" याखाली मी सही करणार नाही, कारण मोजलेलं नाही. शेरा येऊ दे.

"उघडून मोजणार नाही?"

"नाही."

"हंऽ," ती म्हणाली. मग घाईने, "म्हणजे, मला फार बरं वाटलं असं म्हणायचं होतं मला."

"मग तसं म्हणायला शिका. चांगला शब्द आहे."

घरी येऊन बसले तर हात खाजायला लागले. अक्षरशः. नवऱ्याने मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी बदलली आहे: पाव, नक्की. मी उघडला नाही. तीनदा त्याच्यासमोरून गेले. चौथ्यांदा सासूबाई म्हणाल्या, "चार." मी बसले.

ताण: सहा. बघा, लिहिलं.

शुक्रवार, ३१

चार्ज दिला. नोंद माझ्यापुरती.

वाफेची यंत्रं दोन, पैकी एकाची झडप सुस्कारा टाकते, ती माझ्यामागे दुरुस्त करून घ्यावी. भिंगाचे दिवे तीन. किल्ल्यांचा जुडगा, सात किल्ल्या, नव्या प्रमुखांच्या हातात. नोंदवह्या एकतीस, दर वर्षाची एक. हिवाळ्यातल्या त्या पानाला कागद लावून ठेवला आहे, तो दिवस तिने वाचावा आणि मग "होतं असं" म्हणायचं की नाही ते तिने ठरवावं.

बंद गाठोडी सहासष्ट. "मोजून दिले" यावर मी रेघ मारली आणि वर लिहिलं: "चिठ्ठीप्रमाणे दिली. बांधणाऱ्यांच्या सह्यांवर विश्वास ठेवून. एकही उघडलेलं नाही." खाली सही केली. अधीक्षकांनी वाचलं, पेन उघडलं, बंद केलं. शेरा मारला नाही. म्हणाले, "हा रकाना छापतानाच चुकला होता वाटतं." एकतीस वर्षांनी कळलं त्यांना.

निरोपाच्या चहाला सर्जन आला. मी म्हटलं, टॉवेल दुमडलेले नसले तर हिच्यावर ओरडायचं नाही, मला फोन करायचा.

समुपदेशक बाईंना नेलकटर, एक. नवीन. वाफेतून काढलेला. बंद पाकिटात.

घरचं एक राहिलं. ते सकाळी सात दहाचं आहे, पण शेवटी लिहिते. नात बूट घालून दारात उभी होती. तिने दप्तराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात पाठीमागे बांधून उभी. खाली बसचा हॉर्न वाजला.

"आजी, तू बघितलंस?"

"नाही."

"खरंच?"

"चेन बघ."

चेन अर्धवट होती, तिने सोडली तशीच. ती हसली आणि दप्तर अडकवून घ्यायला माझ्याकडे पाठ केली.

ताण: दहा.

दप्तर, एक. न उघडता दिलं. कंपासपेटी टेबलाखाली पडलेली मला दिसत होती. बोलले नाही.